डोंगरउतारासाठी छोटा ट्रॅक्टर निवडताना

संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन साडेचार एकर आहे. खाली पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला साठ गुंठे भातखाचरे, त्यांच्या वर सव्वादोन एकर आंबा-काजूची बाग आणि सर्वांत वर, सड्याला, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळाला लागून, तीस गुंठे वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, असा तिचा उतरता पसारा आहे. २०२२ मध्ये मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, त्याच्या आधीच्या वर्षी घरची बैलजोडी विकली गेली होती, आणि बेणणीला (तण काढायला) किंवा नांगरणीला सांगून ठेवलेला गडी सांगितलेल्या दिवशी येईल याची खात्री गावात कोणालाच उरली नव्हती. शेजारच्या वाडीतला पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भाड्याने आणायचा प्रयत्न केला, तर तो आमच्या पाणंदीच्या तोंडाशीच अडला. छोटा ट्रॅक्टर विकत घ्यायचा निर्णय त्या दिवशी झाला. मात्र कोणता घ्यायचा, हे ठरवण्यात पुढचे दहा महिने गेले.

ज्याला ज्याला विचारले त्याचा पहिला प्रश्न एकच असे : ‘गुरुजी, किती एचपीचा घेताय?’ मीही सुरुवातीला त्याच नादात होतो. अठरा, एकवीस, चोवीस, सत्तावीस असे आकडे वहीत लिहून त्यांच्यापुढे किमती मांडत बसलो. घराच्या चौथऱ्यासाठी आलेल्या गवंड्याने पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीने समपातळी काढताना पाहिले, तेव्हा आपण ज्या जमिनीसाठी यंत्र शोधतो आहोत तिचा उतार नेमका किती आहे हेच आपल्याला माहीत नाही, असे ध्यानात आले. मग त्याच्याकडून ती नळी एक दिवसासाठी मागून घेतली. नळीची दोन टोके दोन बांबूंना बांधली, बांबू आडव्या मापाने पाच मीटर अंतरावर उभे धरले आणि दोन्ही टोकांतल्या पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. बागेच्या खालच्या भागात पाच मीटरला पंचावन्न सेंटिमीटर उतार निघाला, म्हणजे सुमारे सहा अंश. मधल्या भागात तो पंच्याण्णव सेंटिमीटर, म्हणजे अकरा अंशांच्या आसपास होता. वरच्या वरकसात मात्र एक मीटर सत्तर सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एकोणीस अंश भरला. ज्या जागेवर लहानपणी आम्ही पळत चढायचो तिथे वाळलेल्या गवतावर माझी वहाण दोनदा घसरली, हे त्या आकड्याबरोबर वहीत लिहून ठेवले आहे.

दुसरे माप पाणंदीचे होते. दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे असलेल्या या वाटेची सर्वांत अरुंद जागा चार फूट आठ इंच निघाली. एरवीचा मोठा ट्रॅक्टर साडेपाच-सहा फूट रुंद असतो, तेव्हा तो का अडला हे वेगळे सांगायला नको. छोटे ट्रॅक्टर बहुतेक साडेतीन ते सव्वाचार फुटांत बसतात. मी बरोबर चार फुटांची एक काठी तोडली आणि ती आडवी धरून पाणंद, बाग आणि खाचरांच्या तोंडापर्यंत सगळीकडे चालत गेलो. माझ्या सौभाग्यवतींनी हा प्रकार पाहून ‘रिकामपण चांगलेच अंगवळणी पडले’ असा शेरा मारला, पण काजूच्या दोन ओळींत खाली आलेल्या फांद्या कुठे काठीला अडतात आणि बांधाचा कोणता कोपरा तासावा लागेल, हे त्या फेरीत कळले. ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा असेल तर तो फांदीला लागतो, ही गोष्टही तेव्हाच लक्षात आली.

अश्वशक्तीबद्दल एक गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार), फवारणीचा पंप यांना मिळणारी ताकद पीटीओवरची, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरची, असते आणि ती नेहमीच त्याहून कमी भरते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांची चाचणी घेणारी संस्था आहे, आणि तिच्या चाचणी अहवालांत पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची (मागे जोडलेली अवजारे उचलणाऱ्या यंत्रणेची) क्षमता, वळण्याची त्रिज्या आणि ब्रेकची कामगिरी असे सगळे मोजून दिलेले असते. शोरूममध्ये हा अहवाल मागितला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या जांभ्याच्या मातीत साडेतीन फुटी रोटाव्हेटर चालवायला चोवीस अश्वशक्ती पुरेशी आहे, हे मला त्या अहवालांवरून आणि दोन शेतकऱ्यांच्या बागा पाहून पटले, आणि तो विषय तिथेच संपला.

खरी परीक्षा डेमोच्या दिवशी झाली. एका विक्रेत्याने टू व्हील ड्राइव्हचा, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळणारा, ट्रॅक्टर टेम्पोतून आणला. त्याचा चालक तरबेज होता आणि मधल्या भागातला अकरा अंशांचा चढ तो सरळ रेषेत, इंजिनाचा आवाज न बदलता चढून गेला. गोळा झालेल्या मंडळींनी मान डोलावली. मी म्हटले, ‘आता असाच खाली आणा.’ दव अजून पुरते सुकलेले नव्हते. अर्ध्यावर आल्यावर चालकाने सवयीने क्लच दाबला आणि ब्रेकवर पाय दिला. मागची दोन्ही चाके फिरायची थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही; ओल्या गवतावरून तो तसाच पाच-सहा फूट सरकत आला आणि काजूच्या आळ्याच्या मातीत पुढचे चाक रुतल्यावर उभा राहिला. कोणाला काही इजा झाली नाही. चालक हसून म्हणाला, ‘काका, गवत ओलं होतं म्हणून.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गवत ओलेच असते.

त्या रात्री मी या घसरण्याचा विचार करत बसलो, आणि मग दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मेकॅनिककडून खात्री करून घेतली. उतरताना यंत्राचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते मागच्याच चाकांना, म्हणजे पकड जिथे कमी झालेली असते नेमकी तिथेच ब्रेक लागतो. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेला असला की पुढची चाके गिअरमार्फत मागच्यांशी बांधली जातात, त्यामुळे ब्रेकचा आणि इंजिनाच्या रोधाचा परिणाम चारही चाकांवर होतो. फोर व्हील म्हणजे चढण्यासाठी लागणारी जादा ताकद, असा माझा तोपर्यंतचा समज होता. चढणे तर टू व्हीललाही जमले होते. ओल्या गवतावरून उतरणे फोर व्हीललाच जमणार होते. क्लच न दाबता, खालच्या गिअरमध्ये, इंजिनालाच ट्रॅक्टर धरून ठेवू देत उतरायचे ही पद्धत कोणत्याही ट्रॅक्टरला लागू आहे. पण चुकून पाय क्लचवर गेलाच तर फोर व्हील जोडलेल्या ट्रॅक्टरच्या निदान ब्रेकला चार चाकांची पकड मिळते. किमतीतला लाखभर रुपयांचा फरक मला त्यानंतर जड वाटला नाही.

रुंदीचा पेच याहून अवघड होता. बागेला आणि पाणंदीला अरुंद ट्रॅक्टर हवा. उताराला मात्र रुंद आणि बुटका हवा, कारण आडव्या उतारावर चालताना दोन चाकांमधले अंतर जितके कमी तितका उलटण्याचा धोका जास्त. मागच्या चाकांच्या रिम उलट्या करून बसवल्या की हे अंतर काही इंचांनी वाढते. मी तसे करून बाहेरून बाहेर बरोबर चार फूट रुंदी ठेवली, म्हणजे पाणंदीत दोन्ही बाजूंना चार-चार इंच मोकळे राहतात. शिवाय मागच्या टायरांत, व्हॉल्व्ह वर ठेवून, साधारण तीन चतुर्थांश पाणी भरून घेतले. त्याने वजन वाढते आणि तेही अगदी खालच्या बाजूला. थंड मुलखात हे पाणी गोठू नये म्हणून त्यात काही मिसळावे लागते. कोकणात विहिरीचे पाणी चालते.

शोरूममध्ये बहुतेक ठिकाणी ‘वर छत फुकट देतो’ असे सांगतात. ते पत्र्याचे छत उन्हापुरते असते. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट, जिला रोप्स म्हणतात, ती वेगळी गोष्ट आहे आणि ती पट्टा बांधला असेल तरच उपयोगी पडते. बागेत फांद्यांना अडू नये म्हणून मला ती दुमडती हवी होती, आणि या एका मागणीमुळे माझी यादी बरीच आखूड झाली.

भाताच्या कामासाठी ब्रेक तेलात बुडालेले असणे आणि पुढचा आस पूर्ण बंदिस्त असणे या दोन गोष्टी मी पक्क्या केल्या, कारण चिखलणीच्या वेळी चिखल अर्ध्या चाकापर्यंत येतो आणि उघड्या सांध्यांत शिरलेली माती दोन पावसांत सील खाऊन टाकते. तरीही साठ गुंठ्यांतली शेवटची सहा खाचरे, प्रत्येकी दीड-दोन गुंठ्यांची, ट्रॅक्टरला वळायला पुरत नाहीत. त्यांच्यासाठी शेजाऱ्याचा पॉवर टिलर येतो. हे आधीच मान्य केल्यामुळे ‘सगळीकडे चालणारा’ ट्रॅक्टर शोधण्यात वेळ गेला नाही.

शेवटी दोनच नावे उरली : महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा बी २४४१. दोन्ही चोवीस अश्वशक्तीचे, दोन्ही फोर व्हील ड्राइव्हचे, दोहोंची लिफ्ट साडेसातशे किलोची. कुबोटाचे इंजिन तीन सिलिंडरचे असल्याने हाताला कमी थरथरते. जिवोचे दोन सिलिंडरचे इंजिन कमी फेऱ्यांतही ओढते, असे मला चालवताना वाटले. दोन्ही त्याच ओल्या उतारावरून मी स्वतः खाली आणले आणि दोन्ही व्यवस्थित आले. मी जिवो घेतला तो केवळ त्याचा मेकॅनिक मोटारसायकलवरून चाळीस मिनिटांत माझ्या अंगणात येऊ शकतो म्हणून. दुसऱ्या तालुक्यातला शेतकरी याच हिशेबाने कुबोटा घेईल आणि तेही बरोबरच असेल.

अनुदानाचे थोडे सांगतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाच्या घटकाखाली अर्ज केला होता. दोन हेक्टरच्या आतली जमीन असल्याने अल्पभूधारक म्हणून पन्नास टक्के किंवा सव्वा लाख, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळणार होती. दसऱ्याच्या आधी एका विक्रेत्याने मुहूर्तावर ट्रॅक्टर नेण्याचा फार आग्रह केला. ‘बिल आज करू, संमती मागून येतेच,’ हे त्याचे वाक्य. पूर्वसंमती मिळण्याआधीच्या तारखेचे बिल असेल तर अनुदान मिळत नाही, हे कृषी सहायकाने मला स्पष्ट सांगितले होते, म्हणून मी हात आखडता घेतला. माझ्या माहितीतल्या एकाने तेव्हाच बिल केले आणि तो सव्वा लाखाला मुकला. माझी पूर्वसंमती जानेवारी २०२४ मध्ये आली, फेब्रुवारीत ट्रॅक्टर दारात आला, एमएच-०८ची पाटी लागली, मोका तपासणी झाली आणि रक्कम खात्यात जमा व्हायला पावसाळा उजाडला. तेव्हा ट्रॅक्टरवर बारा टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के झाला आहे, त्यामुळे माझी तेव्हाची किंमत आज कोणी हिशेबात धरू नये.

ट्रॉली मी घेतली नाही. बिनब्रेकची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि वळणावर तर आडवे फिरवूनही टाकते. आंब्याचे क्रेट नेण्यासाठी मागच्या लिफ्टवर बसणारा लोखंडी खोका गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. फेऱ्या जास्त होतात, पण भार ट्रॅक्टरच्या अंगावरच राहतो. फवारणीलाही ट्रॅक्टर झाडाझाडापाशी नेत नाही. खालच्या सपाट जागी उभा करून पीटीओवर पंप चालवतो आणि शंभर मीटरची नळी वर खेचून नेतो.

राहिले ते वरचे तीस गुंठे. एकोणीस अंशांच्या त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला मी सहा चिरे ओळीने पुरले आणि त्यांना चुना लावला. पुतण्या सुट्टीत आला की ट्रॅक्टर तोच चालवतो; त्याला पहिल्या दिवशी त्या ओळीपर्यंत चालत नेऊन दाखवली. पलीकडचे गवत ब्रश कटरने निघते, त्याला दोन दिवस लागतात. दर पावसाळ्यानंतर चुना धुऊन जातो, आणि दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा करण्याआधी मी ते सहा चिरे पुन्हा रंगवून येतो.