नांगरलेल्या शेतातील क्षीण सूर

नांगरलेल्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन चालताना सर्वांत आधी अंगी बाणवावा लागतो तो संथपणा. यंत्राच्या तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विद्युतप्रवाह जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यामुळे पुरलेल्या धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, उमटतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद यंत्र टिपून सुराच्या रूपात ऐकवते. चांदीचा सूर बहुधा उंच आणि स्वच्छ असतो. लहान नाणे मात्र वीतभर खोलीपलीकडे क्वचितच ऐकू येते.

मला नाण्याहूनही मोलाचे वाटते ते त्याचे स्थान. १९९२ मध्ये इंग्लंडमधील सफोक परगण्यात, हॉक्सन गावाजवळच्या शेतात, एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधताना एरिक लॉज यांना रोमन काळातील ठेवा लागला; त्यांनी सगळे उपसून न काढता खबर दिली आणि म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५ हजार नाणी, सोन्याचे दागिने आणि ते ज्या लाकडी पेटीत ठेवले होते तिच्या खुणा जागच्या जागी अभ्यासता आल्या. ती हातोडीही आज ब्रिटिश संग्रहालयात आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

शेतमालकाची आणि कायद्याने आवश्यक असलेली परवानगी घेतल्याशिवाय मी यंत्र सुरू करीत नाही. सापडलेले नाणे मी कधीही घासत नाही, कारण त्यावरील अक्षरे त्या एका घासण्याने कायमची पुसली जाऊ शकतात. जागेची आणि खोलीची नोंद करून, खड्डा बुजवूनच मी पुढे सरकतो.