तुम्ही विचारलंत म्हणून : पडल्यावर परत ट्रॅकवर का?

गणपतीत काकूंनी विचारलं, ऑफिसात विचारलं, पुण्याहून आई तर फोनवर प्रत्येक वेळी विचारते. शब्द वेगळे, मुद्दा तोच. ब्रेक नसलेल्या सायकलवर बसायचं, पडायचं, हाड मोडून घ्यायचं आणि बरं झाल्यावर परत तिथेच जायचं, हे कशासाठी? दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दरवेळी ते अपुरं पडतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी ब्रेकचं. ट्रॅक म्हणजे सायकल शर्यतींची लंबगोल धावपट्टी, बाहेरच्या कडेकडे वर चढत जाणारी. तिथल्या सायकलला चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतंच. पाय मध्येच थांबवायला गेलात तर सायकल तुम्हाला वर फेकते. वेग कमी करायचा तर पायांनी पॅडलला उलटा जोर द्यायचा, नाहीतर कडेच्या उतारावर वर चढायचं, म्हणजे चढच वेग कमी करतो. आम्ही एकमेकांच्या मागे वीतभर अंतरावर असतो. तिथे पुढच्याने कचकन ब्रेक दाबला तर मागची अख्खी रांग त्याच्या अंगावर जाईल. कुणालाच एकदम थांबता येत नाही, म्हणून कुणी एकदम काही करत नाही. दक्षिण लंडनच्या रस्त्यावर मागून येणारी गाडी काय करेल हे मला कधीच कळत नाही. ट्रॅकवर कळतं. हे मी पहिल्यापासून सगळ्यांना पटवत आले, आणि ते खरंच आहे. मात्र ते पूर्ण खरं असतं, तर मी पडले नसते.

आणि कृपा करून मला ऑलिंपिकमधल्या अपघातांचे व्हिडिओ पाठवू नका. ते लाकडी, बंदिस्त ट्रॅक असतात. आमच्याच शहरातला ली व्हॅलीचा ट्रॅक 250 मीटरचा, वळणावर 42 अंशांनी तिरपा आहे. मी जाते तो दक्षिण लंडनमधला हर्न हिलचा ट्रॅक उघड्यावर आहे, साधारण 450 मीटर लांब, आणि सगळ्यात तीव्र उतारही 18 अंशांचाच. नवशिक्यांना तिथेच सायकल भाड्याने मिळते, कठडा धरून बसायला शिकवतात, घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फेऱ्या घालायला लावतात आणि पाऊस आला की सत्र रद्द होतं. ब्रिटनचा ऑलिंपिक विजेता सायकलपटू ब्रॅडली विगिन्स, त्याने बाराव्या वर्षी इथूनच शर्यतींना सुरुवात केली. 1891 पासूनची ही जागा. 1948 च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅकवरच्या शर्यती इथेच झाल्या आणि त्यात भारताचे सायकलपटूही उतरले होते, त्यांत मुंबईचे पारशीही. हे कळलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. लहानपणी मुंबई-पुणे शर्यतीचे सायकलपटू घाट चढून आलेले बघायला बाबा आम्हाला घेऊन जायचे. बायका त्यात कधी दिसल्या नाहीत. मी विचारलंही नव्हतं.

आता पडण्याचं.

आम्ही रांगेत होतो. पुढचा थोडा वेळ वारा अंगावर घेतो, मग उतारावर वर सरकतो, रांग खालून पुढे जाते आणि तो शेवटच्याच्या मागे येऊन लागतो. बाजूला होताना उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, खाली येताना रांग संपलीय का ते बघायचं. मी शेवटून दुसरी होते. वर गेलेला एक मुलगा रांग संपायच्या आधीच खाली आला. मी "स्टे!" म्हणून ओरडले. ट्रॅकवर त्याचा अर्थ जिथे आहेस तिथेच राहा. त्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला घासलं. अशा वेळी पुढचा पडत नाही, मागचा पडतो. बूट पॅडलला अडकलेले, त्यामुळे मी सायकलसकट डाव्या अंगावर गेले. खांदा आधी टेकला. कड असा आवाज मी कानांनी नाही, दातांत ऐकला.

वेदना लगेच आली नाही. आधी आली ती भीती, मागच्यांची. मी ट्रॅकवर आडवी पडले होते, चाकांचा आवाज जवळ येत होता आणि मला हलता येत नव्हतं. त्यांनाही थांबता येणार नव्हतं. कोच "वर! वर!" ओरडत होते. माझ्या मागची बाई उतारावर वर चढली आणि माझ्या डोक्यावरून, म्हणजे अक्षरशः वरच्या बाजूने, निघून गेली. त्या एका क्षणात माझा सगळा युक्तिवाद होता, खोटा पडलेला आणि खरा ठरलेलाही. एकाने बघितलं नाही म्हणून मी पडले. बाकी सगळ्यांनी बघितलं म्हणून माझ्या अंगावरून कुणी गेलं नाही.

कॉलरबोन मोडलं होतं. कोपरापासून मांडीपर्यंत कातडं सोलवटलं होतं. तो मुलगा रडवेला होऊन माफी मागत होता आणि मी त्याला "इट्स ओके" म्हणाले. ते ओके नव्हतं. झोळीत हात अडकवून मी कित्येक रात्री त्याच्यावर मनात ओरडले. आईने व्हिडिओ कॉलवर झोळी बघितली तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आता तरी सांग, तुला तिथे काय मिळतं?" मला उत्तर देता आलं नाही.

हाड जुळलं आणि मी परत गेले. पहिल्या दिवशी कठड्यावरचा हात सुटेना. पाय पट्ट्यांत, सायकल उभी, बोटं लोखंडावर आणि मी तशीच. कोचनी समजूत घातली नाही. त्या दिवशी मला नवशिक्यांच्या गटात घातलं आणि सगळ्यांत खालच्या काळ्या रेषेवरून फिरायला सांगितलं, रांग नाही, कुणाचं चाक जवळ नाही. मी फिरले. अजूनही कुणी वरून खाली यायला लागलं की डावा खांदा आपोआप आखडतो. त्यातून मी बाहेर पडलेली नाही, पडेन का ठाऊक नाही.

मग काय मिळतं? काकू, दिवसभर घरात आणि ऑफिसात मी दहा गोष्टी डोक्यात धरून असते. ट्रॅकवर रांगेत असताना पुढच्याच्या कमरेकडे नजर ठेवावी लागते, दुसरं काही डोक्यात राहूच शकत नाही. आणि माझ्या वयाच्या बाईवर सात-आठ अनोळखी माणसं विसंबून आहेत, मी सरळ रेषेत राहीन यावर, हा मान मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. पूर्वीची मी म्हणायची, सुरक्षित आहे म्हणून जाते. ते आता म्हणवत नाही. धोका आवडतो म्हणून जाते, असंही नाही, तसं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आता मुलीला शिकायचंय. ती नऊ वर्षांची आहे. मुलांची सत्रं वेगळी असतात, कोच जास्त असतात, वेग कमी असतो, हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, हेच तू स्वतःबद्दलही सांगायचीस. मी म्हटलं, आणि तेव्हाही खोटं नव्हतं. तिचं नाव घालायचं की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही, आणि मी हट्ट सोडलेला नाही.