किरकोळ

रविवारी दुपारी आमरस-पोळी झाल्यावर माणसानं पैशाचा कुठलाही निर्णय घेऊ नये, असं माझं फार जुनं मत आहे. डोळे मिटायला लागलेले असतात आणि त्या गुंगीत दोन लाख नि तीन लाख यांत फारसा फरक वाटत नाही. पण आमच्याकडे नेमका तोच मुहूर्त निघाला. चिरंजीवांनी रसाचा डाग चुकवून लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ‘हाँगकाँग’ नावाची एक्सेल शीट उघडली. विमान हिरव्या रंगात, हॉटेल निळ्या, डिस्नेलँडची तिकिटं गुलाबी. प्रत्येक रकान्यात आकडा. सगळ्यात खाली एक ओळ, तिला रंग नाही आणि आकडाही नाही.

“किरकोळ किती धरायचे?” बायकोनं विचारलं.

मी दहा हजार म्हणालो. ती वीस म्हणाली. चिरंजीव म्हणाले, “पण किरकोळमध्ये येतं काय काय?” यावर आम्ही दोघंही गप्प. लग्नाला पंधरा वर्षं झाली, दर महिन्याला हा शब्द आम्ही वापरतो, पण त्यात काय येतं हे एकमेकांना कधी विचारलेलं नाही. विचारू नये, एवढं कळतं.

बाकीचे रकाने भरायला मला काही वाटत नाही. माझा त्रास वेगळा आहे. परक्या चलनातली कुठलीही किंमत दिसली की मी मनातल्या मनात तिचे रुपये करतो. हाँगकाँगचा डॉलर आम्ही शीटमध्ये साडेअकरा रुपये धरलाय. अमेरिकन डॉलरचं सोपं असतं, आकडा इतका मोठा होतो की माणूस गुणाकार सोडून देतो आणि श्रद्धेनं पैसे भरतो. साडेअकरा ही मात्र मधलीच, छळणारी संख्या. माझ्या आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, अगदी औटकीसुद्धा पाठ होती. साडेतिनाचा पाढा ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची. साडेअकराचा तिनंही केला नव्हता. त्यात तो डॉलर एका जागी थांबत नाही. १९८३ पासून त्यांनी तो अमेरिकन डॉलरला बांधून टाकलाय, एकाला सात पूर्णांक आठ या हिशेबानं, त्यामुळे तिकडे अमेरिकेत काही हललं की इकडे ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या शीटचा गुलाबी रकाना फुगतो. परवा मी कॉफी सत्तावीस डॉलर असं वाचलं, तीनशे दहा रुपये असा गुणाकार केला, आणि अजून विमानात न बसता त्या कॉफीला नाही म्हणून टाकलं.

“तिकडे गेल्यावर गुणाकार करायचा नाही,” असं बायकोनं बजावून ठेवलंय. मी हो म्हटलंय. ओठ न हलवता करता येतो.

तारखा ठरवणं हा त्याहून मोठा घोळ. डिस्नेलँडमध्ये तीन ते अकरा वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट, बारा पूर्ण झाली की मोठ्यांचं. चिरंजीवांना डिसेंबरात बारा पूर्ण होतायत. म्हणजे त्याच्या आत जायला हवं. उलट धाकटी चार वर्षांची, आणि तिला त्या हायपरस्पेस माउंटन नावाच्या अंधाऱ्या गाडीत बसायचंय, कारण दादा बसणार. तिथे १०२ सेंटिमीटर उंची लागते. ती आज ९९ आहे. म्हणजे ती वाढेपर्यंत थांबायला हवं. एकाचं वय वाढायच्या आत आणि दुसरीची उंची वाढल्यानंतर, अशी जी फट उरते तिच्यात नेमकी दिवाळीची सुट्टी येते, आणि दिवाळीत विमानाचं भाडं काय असतं ते मी सांगायला नको. मे महिना आता हातातून गेलाच, आणि पुढचे पावसाळ्याचे महिने तिकडे टायफूनचे. पंचांग बघून लग्नाची तारीख काढणं यापेक्षा सोपं. त्या दुसऱ्या, खाणीतल्या गाडीला ११२ लागते. तिचा विषय आम्ही धाकटीसमोर काढत नाही.

उंची मोजायची जागा म्हणजे आतल्या खोलीच्या दाराची चौकट. तिच्यावर धाकटीच्या पेन्सिलच्या रेघा सेंटिमीटरमध्ये आहेत आणि जरा बाजूला, ऑइलपेंटच्या दोन थरांखालून, माझ्या फूट-इंचांतल्या. रोज संध्याकाळी ती चौकटीला पाठ लावून उभी राहते, टाचा उचलते आणि “आता?” विचारते. दूध न पिणारी मुलगी हल्ली दोन कप पिते. डिस्नेचा आमच्या घरातला हा पहिला फायदा, आणि शीटमध्ये दुधाचा वाढलेला खर्च कुठे दाखवायचा हे मला कळलेलं नाही.

हे सगळं चालू असताना माझे वडील, अण्णा, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पेपर तोंडावर धरून बसले होते. झोपलेले नव्हते. पेपर तोच राहिला, पान उलटलं नाही, म्हणजे ऐकत होते.

अण्णांना मी मागे एकदा वॉल्ट डिस्नेची गोष्ट सांगितली होती. या माणसानं आपलं पहिलं पार्क उभं करायला स्वतःच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं होतं. अण्णांनी चष्मा काढला आणि विचारलं, “पॉलिसी सरेंडर नाही ना केली? कर्जच काढलं ना?” कर्जच, म्हटलं. “मग ठीक आहे,” म्हणाले. तेव्हापासून डिस्नेबद्दल त्यांचं मत बरं आहे. १७ जुलै १९५५ ला ते पार्क उघडलं तो दिवसही त्यांना आवडला. खोटी तिकिटं घेऊन माणसं घुसली, ताजं डांबर उन्हानं मऊ पडून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे आधीच काम अर्धवट राहिलेलं. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की संडास, एवढंच हातात होतं. डिस्नेनं संडास पुरे केले. “बरोबर केलं,” अण्णा म्हणाले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली, शेवटची काही मेंटेनन्समध्ये. अशा निर्णयांची त्यांना जाण आहे.

गोष्टीतला तिसरा भाग मात्र मी त्यांना सांगितलेला नाही. डिस्ने स्वतःच सांगायचा की या पार्कची कल्पना त्याला एका बाकावर सुचली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसल्या होत्या आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसला होता. मुलांना मजा, आणि बापानं नुसतं बसायचं, हे काही खरं नाही, असं त्याला वाटलं.

आमच्या लहानपणी तलावपाळीला संध्याकाळी एक लाकडी पाळणा यायचा. चार खोके, प्रत्येकात दोन पोरं, आणि यंत्र म्हणजे एक माणूस. तो वरच्या खोक्याला लोंबकळायचा, स्वतःचं वजन खाली आणायचा आणि पाळणा फिरायचा. महिन्यातून एकदा, पगाराच्या नंतरच्या शनिवारी, अण्णा मला आणि ताईला तिकडे न्यायचे. गोखले रोडनं चालत. बसायच्या आधी चपला काढायला लावायचे, कारण एकदा ताईची एक चप्पल वरून पडली आणि पाळणेवाल्याच्या पाठीवर आपटून थेट भेळवाल्याच्या टोपलीशी जाऊन थांबली होती. तेव्हापासून दोन जोड अण्णांच्या हातात. आम्ही वर जायचो तेव्हा मासुंदा तलाव, त्यातल्या होड्या, कौपिनेश्वराच्या बाजूची झाडं असं सगळं एकदम दिसायचं, आणि खाली आलो की अण्णा. वर तलाव, खाली अण्णा. दोन्ही हातांत चपला, मान आमच्याबरोबर वरखाली.

मला वाटायचं, ते आमच्याकडे कौतुकानं बघतायत. ते फेऱ्या मोजत होते. एकदा पाळणा थांबला आणि अण्णा पाळणेवाल्याला म्हणाले, “बारा ठरल्या होत्या, अकराच झाल्या.” तो नाही म्हणाला. हे हो म्हणाले. रांगेतल्या एका बाईनं अण्णांची बाजू घेतली. शेवटी त्या माणसानं वैतागून आम्हा दोघांसाठी आणि रिकाम्या सहा जागांसाठी आख्खा पाळणा एकदा फिरवला. आयुष्यात तेवढी संथ, तेवढी शरमेची आणि तेवढी छान फेरी मला पुन्हा मिळाली नाही.

मग भेळ. मग एक पुडी घरी न्यायला, आजीसाठी, तिखट कमी.

रात्री अण्णा डायरी लिहायचे. कारखान्यातून मिळणारी, लाल रेक्झिनची. दूध, किराणा, भाजी, लाइट, फी, औषध, आणि शेवटी किरकोळ. ती डायरी आजी रोज वाचायची. नुसती वाचायची नाही, बेरीज तपासायची. पाळण्यावर पैसे उडवणं तिच्या शास्त्रात बसणारं नव्हतं, आणि भेळ तर नाहीच, घरी चुरमुरे असताना. त्या शनिवारी किरकोळच्या पुढे तीन रुपये, साडेतीन रुपये असं काहीतरी असायचं. पाळणा नाही, भेळ नाही. एकदा तिनं बोट ठेवून विचारलंच, “किरकोळ म्हणजे काय रे?” अण्णा म्हणाले, “किरकोळ म्हणजे किरकोळ.” आजीनं डायरी मिटली. तिच्या बोटाला चिंचेची चटणी लागलेली होती, हे मी पाहिलं होतं. त्या पानावर डाग असणार अजून.

डायऱ्या आहेत कुठेतरी माळ्यावर. मी कधी काढून बघितल्या नाहीत. असो.

टूरवाल्यांकडे जावं की आपलं आपण करावं, हाही वाद झाला, पण तो रंगला नाही. टूरमध्ये जेवण आपलं मिळतं, आणि परदेशात तिसऱ्या दिवशी वरण-भाताची किंमत साडेअकरानं गुणून सांगता येत नाही, हे मान्य. पण त्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. २०२० च्या ऑक्टोबरपासून हे सुरू झालंय. आधी कापतात, मग तुम्ही रिटर्न भरताना तो वळता करून घ्यायचा. दर मध्येच बदलत राहतो. बायको म्हणाली, आपलेच पैसे परत मिळणार, मग काय बिघडलं? मी म्हटलं, आपलेच पैसे परत मिळाल्यावर माणसाला जो आनंद होतो, तोच मुळात सरकारनं फुकट विकलेला आहे. कुणी हसलं नाही. शेवटी आपलं आपण असंच ठरलं. भारतीयांना जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती फुकट आहे, आणि फुकट म्हटल्यावर चिरंजीवांनी त्या ओळीला सोनेरी रंग दिला. पार्ककडे नेणाऱ्या मेट्रोच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, हे त्यानंच सांगितलं. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीच्या खिडकीला गज असतात एवढंच आम्हाला माहीत.

मग धाकटीनं पेपर खाली ओढला आणि विचारलं, “आजोबा, तुम्ही पण येणार?”

“मी घर सांभाळतो,” अण्णा म्हणाले. ठाण्यात आमच्या घरात सांभाळण्यासारखं एक तुळशीचं रोप आणि पाण्याची टाकी भरायची वेळ, एवढंच आहे.

“ज्येष्ठांना तिथे तिकीट बरंच स्वस्त आहे,” मी म्हटलं.

“किती?”

मी सांगायच्या आत ते उठले आणि कपाट उघडलं. पासपोर्ट त्यांनी कधी काढला नव्हता, काढायचं कारणच पडलं नव्हतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो असं त्यांच्या डोक्यात पक्कं. दुसरी कागदपत्रंही चालतात म्हणून मी सांगितलं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तळच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी आली, तिच्यातून दुसरी, दुसरीतून घडीवर फाटलेला, मागून टिशूपेपर लावलेला दाखला.

“फी किती?”

“दीड हजार. साठीच्या पुढे दहा टक्के सूट.”

“म्हणजे साडेतेराशे. दीडशे वाचले.” गुणाकार-भागाकार करताना अण्णांचेही ओठ हलत नाहीत.

चिरंजीवांनी शीटमध्ये नवीन ओळ घातली, ‘आजोबा’, तिला केशरी रंग दिला आणि मग, आजोबांना उत्साह यावा म्हणून, हाँगकाँगच्या बंदरावरच्या मोठ्या आकाशपाळण्याचा व्हिडिओ लावला. साठ मीटर उंच. खाली समुद्र, बोटी, पलीकडे इमारती. अण्णा चष्मा सारखा करून बघत राहिले. पाळण्याची एक आख्खी फेरी पूर्ण झाली. मोजली असणार.

“बसाल ना यात?” मी विचारलं.

“मी? आणि चपला कोण धरणार?”

चिरंजीवांना यातलं काही माहीत नाही. “आजोबा, बंद केबिन असते,” तो म्हणाला. “चपला पडत नाहीत.”

“असं होय,” अण्णा म्हणाले.