‘गिडी’ म्हटलं आणि डॉक्टरीण हसली

आई विजयदुर्गहून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला माझ्याकडे आली, त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे पाचला हाक आली. जाऊन बघते तर गादी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली. “अगं, घर फिरतंय.” उजव्या कुशीवर वळली की छत गरगरायचं, अर्ध्या मिनिटात थांबायचं. परत वळली की परत तेच.

डॉक्टरकडे दहा मिनिटांची वेळ मिळाली. तरुण डॉक्टरीण होती. पुढच्यावर छाप पडावी म्हणून मी जाताक्षणी म्हटलं, “शी फील्स गिडी.” ती हसली. चेष्टेनं नाही, पण हसलीच. आमच्याकडचे डॉक्टर केसपेपरवर ‘गिडीनेस’ लिहून मोकळे होतात, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. इथे मात्र गिडी म्हटलं की आधी आठवतं ते वाढदिवसाला केक खाऊन खिदळत सुटलेलं पोर. सत्तरीची आई आणि गिडी!

मग तिने नीट विचारलं. खोली फिरते का? की डोकं हलकं होऊन शुद्ध जाईलसं वाटतं? की डोकं ठीक आहे, पण पाय ठरत नाहीत? इंग्रजीत ‘डिझी’ या एका शब्दात हे तिन्ही मावतं, म्हणून डॉक्टरला तो सोलावा लागतो. मी भाषांतर करून सांगितलं, तशी आई वैतागली. “मघापासून गरगरतंय म्हणतेय ना मी? भोवळ असती तर डोळ्यांपुढे अंधारी आली असती. झोक जातो तो उठल्यावर, थोडाच वेळ.” म्हणजे तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे तयार होती, तीही वेगवेगळ्या शब्दांत. त्या सगळ्याचं ‘गिडी’ करणारी मीच.

पुढचं काम झटपट झालं. मान उजवीकडे वळवून आईला पाठीवर पटकन निजवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबतं. दोन-चार सेकंद काही नाही, आणि मग तिचे डोळे झटक्या-झटक्याने फिरायला लागले. “रामेश्वरा, सांभाळ रे!” म्हणत तिने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. या तपासणीला डिक्स आणि हॉलपाइक यांचं नाव आहे. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती 1952 साली लंडनहून मांडली. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या. शेजारच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, शिंपला ज्याचा बनतो तेच. ते कण सुटून नळीत शिरले की डोकं हलल्यावर द्रवही ढवळतो आणि मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. उपाय म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते कण घरंगळवत पुन्हा जागेवर न्यायचे. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली यांची ही युक्ती. औषध नाही, सुई नाही. सुरुवातीला त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांना ती थट्टा वाटली होती. आईलाही वाटलीच. “कानातले खडे मान हलवून काढतात होय?”

रात्री ती झोपल्यावर मी शब्दकोश काढून बसले. ‘गिडी’ने माझी जिरवली होती ना.

तर गिडीचं मूळ जुन्या इंग्रजीत, आणि नातं थेट ‘गॉड’शी. गिडी म्हणजे ज्याच्या अंगात देव किंवा भूत आलंय तो. वाचून मी खुर्चीत सावरून बसले. आमच्या गावात अंगात आलेली बाई काय करते? घुमते. डिझीचं मूळ त्याहून मजेदार: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता मूर्ख. तिकडे वेडेपणावरून गरगरण्याकडे आले आणि आपण उलट्या वाटेने चक्रावरून ‘चक्रम’पर्यंत पोचलो. व्हर्टिगो, म्हणजे गरगरण्याला डॉक्टरांचा शब्द, तो लॅटिनमधला, वळणे-फिरणे या धातूवरून, म्हणजे आपल्या वर्तुळाचा आणि आवर्ताचा लांबचा चुलतभाऊ.

दुसऱ्या दिवशी आई जराशी सुस्त होती. कुंपणापलीकडच्या आजोबांनी विचारलं, “फीलिंग ग्रॉगी?” या शब्दाला तर आमचं पोर्ट्समथ माहेरासारखं, ब्रिटिश आरमाराचं बंदर ना. आरमारातल्या खलाशांना रोज अर्धा पाइंट रम मिळायची. 1740 साली अ‍ॅडमिरल व्हर्ननने ती चौपट पाणी घालून, दोन वेळांत वाटून द्यायचा हुकूम काढला. हा गडी ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घालायचा, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणायचे. त्या पाणचट रमचं नाव ग्रॉग पडलं, आणि ती पिऊन झिंगलेला तो ग्रॉगी. रमचा शिधा पुढे 31 जुलै 1970 पर्यंत चालू होता. आईला सांगितलं तर म्हणाली, “मग मला का विचारतो तो? मी काय ढोसून आलेय?”

चालण्याचे शब्द मात्र मला तिच्याबरोबर चालतानाच कळले. दोन दिवस ती भिंतीच्या आधाराने चालत होती. स्टॅगर म्हणजे झोकांड्या खाणं, ते काही तिचं नव्हतं. टॉटर म्हणजे आता पडेल की मग पडेल असं लटपटत जाणं. इथली माणसं बरं नसलं की ‘अ बिट वॉबली’ म्हणतात, त्यावर आई लगेच म्हणाली, “डुगडुगतेय. चौरंगाचा एक पाय आखूड असला की डुगडुगतो, तशी.” याहून नेमकं भाषांतर मला सात जन्मांत सुचलं नसतं. बस हिसका देऊन एका अंगाला कलली तेव्हा मी म्हटलं, याला लर्च म्हणतात, मूळचा जहाजावरचा शब्द. ती म्हणाली, “गचका.” संपलं.

आठवड्याने तिला खाडीपलीकडे आइल ऑफ वाइटला नेलं, फेरीने पाऊण तास. मलाच धाकधूक, पुन्हा सुरू झालं तर? तिला कशाची पर्वा नव्हती. लहानपणी मुंबईच्या बोटीत चढायला पडावातून हेलकावे खात जावं लागायचं, तेव्हा अर्धी माणसं ओकत असायची आणि ही चिवडा खात असायची, असं ती सांगते. कठड्याशी उभी राहून मी तिला माझं ताजं ज्ञान ऐकवलं: मळमळीला इंग्रजीत नॉशिया म्हणतात, तो ग्रीकमधल्या जहाजाच्या शब्दावरून, आणि आपल्या ‘नौके’चं मूळही तेच.

“त्यात काय नवीन?” आई म्हणाली. “आपण बोट लागली म्हणतोच की.”

एवढ्यात मावशीचा व्हिडिओ कॉल आला. आईने फोन समुद्राकडे धरला आणि सांगायला सुरुवात केली, “अगं, मला व्हर्टिगो झाला होता.” पलीकडून मावशी, “म्हणजे गं काय?”

“अगं, गरगरत होतं.”