क्विटोत बुकिंग करू नका, तेनाला जाऊन करा

माणशी १२० डॉलर. हा आकडा आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल.

‘अ‍ॅमेझॉनच्या जंगलात किचवा (तिथले आदिवासी) कुटुंबासोबत दिवसभर स्वयंपाक’ असं सांगून इक्वाडोरची राजधानी क्विटो, तिथल्या एका एजन्सीने आम्हा दोघांकडून २४० डॉलर घेतले. मिसावायी या नदीकाठच्या गावाला होडीतून उतरलो. डोक्यात पिसं खोवून चौघे नाचले, एका बाईंनी आधीच उकडून ठेवलेला युका नावाचा कंद दोन मिनिटं कुटून दाखवला, मग जेवण, मग हस्तकलेचं दुकान, की परत होडीत. सगळा मिळून दीड तास. चुलीजवळ बसू का विचारलं, तर गाइड म्हणतो, धूर लागेल. अरे बाबा, धूर खायलाच आलोय ना! निघताना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बाईंना विचारलं, यातले तुम्हाला किती? माणशी १५, म्हणाल्या. आणि हळूच सांगितलं, शिकायचंय तर माझ्या बहिणीकडे जा, वरच्या अंगाला.

तर तुम्ही असं करा. क्विटोच्या दक्षिणेला कितुंबे बसस्थानक आहे. तिथून तेना या जंगलाकडच्या शहराची बस. पाच तास धरा. रस्ता आधी ४,००० मीटरच्या घाटावर चढतो आणि मग ५०० मीटरपर्यंत उतरतो, तेव्हा स्वेटर वरच ठेवा आणि तो काढायची तयारीही ठेवा. तेनाहून मिसावायीची बस तासाभराची. नदीकाठावर विचारलं की वरच्या गावांतली माणसं भेटतात. आमचं ४५ डॉलर रोज माणशी ठरलं, जेवण-झोप-शिकवणी सगळं त्यात. देश २००० सालापासून डॉलरच वापरतो, पण २०ची नोट गावात कुणी मोडून देत नाही. एक आणि पाचच्या नोटा न्या.

आता तो चिखल, त्या बाईंच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, घरापर्यंतचा. ताईंच्या भाच्याने ‘मेदिया ओरा’ म्हणजे अर्धा तास सांगितला होता. आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. लाल चिकणमाती, वरून पाऊस, खाली मुळं. लावणीच्या चिखलात वाढलेला कोकणी माणूस मी, तीनदा आपटलो. पायवाट दिसते ती पायवाट नसते, ओढा असतो. ट्रेकिंगचे बूट भारी आहेत म्हणून मिरवू नका. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटच लागतात. ते गावात मिळतात, पण मोठ्या मापाचे मिळत नाहीत. माझा पाय मोठा, तेनाच्या बाजारातून घेऊन जायला हवे होते. अंगठ्याचं नख अजून काळं आहे. गुडघा दुखरा असेल तर सरळ नाही म्हणा, आणि दुसऱ्याच्या ‘अर्ध्या तासा’वर कधीही विश्वास ठेवू नका.

पोचल्यावर मात्र राग उतरला. ताई आम्हाला आधी चुलीकडे नाही, चाक्रात घेऊन गेल्या. चाक्रा म्हणजे जंगलातच केलेली बाईमाणसाची बाग: युका, केळी, कोको, ग्वायुसा (हिच्या पानांचा चहासारखा काढा करतात), औषधी झाडं, सगळं दाटीवाटीने. नापो या इथल्या प्रांतातल्या चाक्राला २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली, हे एजन्सीच्या पत्रकात ठळक छापलं होतं. दाखवला मात्र नाही. ताईंनी कोयत्याने युकाचा दांडा तोडला, बुंधा धरून कंद उपटले आणि त्याच दांड्याचे तुकडे करून लगेच तिरके मातीत खोचले. पुढचं पीक लागलंसुद्धा. आपला साबुदाणा याच कंदाचा. जन्मभर उपासाला जे खातो ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं, हे माहीत होतं, पण हातात मातीसकट धरल्यावर गंमत वाटली.

मायतो शिकाच. बिहाओची रुंद पानं एकावर एक आडवी-उभी, मधे मीठ लावलेली नदीची मासळी, पुडी बांधून निखाऱ्यावर. ज्याने पानगी खाल्लीय त्याला वास ओळखीचा वाटेल. माझ्या तीन पुड्या सुटल्या. ताईंनी न बोलता सोडून पुन्हा बांधल्या. गाठ मारायची नाही, पिळायची, एवढंच बोटांनी दाखवलं. शाकाहारी असाल तर त्याच पानात पामचा गाभा घालून देतात. फार छान लागतो.

चोंताकुरो म्हणजे ताडाच्या खोडातली जाड अळी. आमच्या वाडीत नारळ पोखरणारा सोंड्या भुंगा, त्याचीच ही चुलत बहीण. घरी तिच्या नावाने शंख करतो आणि इथे काडीला टोचून निखाऱ्यावर! डोकं सोडून खा. तुपकट, किंचित खोबऱ्यासारखी. बायकोने दोन मागून घेतल्या.

माझं पोट बिघडलं ते अळीने नव्हे, चिचा या आंबवलेल्या पेयाने. युका उकडून कुटतात, त्यातला काही चावून परत मिसळतात (लाळेने पिठाची साखर होते) आणि आंबवतात. काही घरी चावण्याऐवजी रताळं किसून घालतात. चावण्याचं काही नाही, ते सहन होतं. शेवटी पातळ करायला घातलेलं पाणी बाधलं. नाही म्हणणं अपमानाचं, म्हणून वाटी ओठाला लावा, एक घोट घ्या, परत द्या. मी तीन वाट्या प्यायलो. मूर्खपणा.

पहाटे चारला उठवतात. चुलीभोवती बसून ग्वायुसाचा काढा प्यायचा आणि रात्रीचं स्वप्न सांगायचं. त्यावरून दिवस कसा जाईल ते म्हातारे सांगतात. मी एजन्सीवाला चिखलात पडल्याचं स्वप्न सांगितलं. खोटं होतं. सगळे खूप हसले.

नंतरचे दोन दिवस नदी, माकडं, चॉकलेट. त्यावर सगळेच लिहितात.

निघताना ताईंकडून वाळलेल्या ग्वायुसाच्या पानांची वेणी घेतली, दोन डॉलरला. ‘पागराचु’ (धन्यवाद) म्हटलं की त्या हसतात, तेवढं किचवा शिकून जा. क्विटोच्या विमानतळावर तशीच वेणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली दिसली. नऊ डॉलर.