२०२४ची यादी: गेनचं कोडं सुटलं, क्रम पुन्हा हलला

सुटलं एकदाचं! २०२४मधल्या अल्बमची क्रमवारी मी सगळ्यांचा आवाज सारखा करून, मग ऐकून लावतेय. त्यासाठी प्रत्येकाचा आवाज जितके डेसिबल (डीबी) वाढवावा-घटवावा लागतो तो आकडा म्हणजे गेन. मागच्या नोंदीच्या शेवटी लिहिलं होतं की सगळे अल्बम एका पातळीवर आणले तरी शांत अल्बम मागेच पडताहेत आणि हे कानाला पटत नाहीये. त्याचं कारण हाती लागलंय. परिणाम असा की तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचा क्रम पार बदलला. बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन' आणि अरूज आफताबचा 'नाइट रेन' मात्र पहिल्या-दुसऱ्या जागेवर तसेच ठाम आहेत.

पद्धत तीच आहे. सगळ्या फायली स्कॅन केल्या, रिप्लेगेन २.० या आवाज सारखा करायच्या पद्धतीच्या हिशेबाने उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) हे लक्ष्य धरलं आणि अल्बम गेन लावला. प्रत्येक गाण्याला वेगळा आकडा लावणारा ट्रॅक गेन का नको, यावर गेल्या वेळी बराच खल झाला होता. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' दोन्ही प्रकारे ऐकावा. दहा तुकडे, नावं 'कंटिन्युअम १' ते 'कंटिन्युअम १०', आणि सिंथचा एकच फिरता आर्पेजिओ (एकामागून एक वाजणारे सूर) साऱ्यांना ओवून घेतो. ट्रॅक गेन लावला की दोन तुकड्यांच्या सांध्यावर आवाज पायरी उतरल्यासारखा बदलतो. सूर तोच, वाद्य तेच, आणि मध्येच कुणीतरी बटण फिरवल्याचा भास. अल्बम गेनमध्ये तो सांधा कळतसुद्धा नाही. सबंध अल्बमला एकच आकडा लागतो, त्यामुळे आतले चढउतार कलाकाराने ठेवले तसेच राहतात.

तरीही गाडी अडली होती ती एड्रियन लेंकरच्या 'ब्राइट फ्युचर'पाशी. टेपवर रेकॉर्ड केलेला, गिटार-पियानो-व्हायोलिनचा, अगदी समोर बसून गायल्यासारखा अल्बम. त्याच्या लगेच आधी चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' लावला की लेंकर कायम फिकी वाटायची. मी आधी कानाच्या स्वभावावर संशय घेतला. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवून दिलंय की आवाज कमी असला की बास आणि वरच्या पट्ट्या आपल्याला जास्त कमी ऐकू येतात, त्यामुळे मुळात सिंथ आणि किकने भरलेलं संगीत फायद्यात राहत असेल, असं वाटलं. मग संशय मोजणीच्या गेटिंगवर गेला. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या आवाज-मोजणीत फार हळू भाग सरासरीतून वगळले जातात. म्हणजे ज्या अल्बममध्ये कुजबुज आणि उसळी दोन्ही आहेत त्याचा आकडा उसळीवरून ठरतो आणि कुजबुज आणखी खाली जाते. हे खरं आहे, पण लेंकरच्या अल्बममध्ये एवढ्या मोठ्या उसळ्या नाहीतच. फरक त्याहून जास्त होता.

खरं कारण प्रीॲम्प (प्लेअर सगळ्यांना वरून देतो तो जादा आवाज) आणि पीक-संरक्षण (आवाजाची सर्वात उंच टोकं, म्हणजे पीक, कापली जाऊ नयेत म्हणून गेन आवरणं) यांच्या जोडीत निघालं. उणे १८ला माझ्या हेडफोन ॲम्पवर आवाज कमी पडतो, म्हणून प्लेअरमध्ये प्रीॲम्प अधिक ६ डीबी ठेवलेला होता. सोबत 'क्लिपिंग टाळा' हा पीक-संरक्षणाचा पर्यायही चालू. आता हिशेब बघा. समजा एक ठासून दाबलेला अल्बम उणे ७ एलयूएफएसचा आहे. त्याला लागला उणे ११ गेन, अधिक ६ प्रीॲम्प, म्हणजे एकूण उणे ५. तो वाजणार उणे १२वर. दुसरा मोकळा अल्बम उणे १७चा, पण त्याचे पीक शून्याला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला टेकलेले. त्याला उणे १ अधिक ६, म्हणजे अधिक ५ मिळायला हवेत. पण तेवढा चढवला तर पीक कापले जातील, म्हणून संरक्षण ते पाचही डीबी काढून घेतं. तो वाजतो उणे १७वरच. दोन्ही 'समान' केलेल्या अल्बममध्ये चक्क ५ डीबीचा फरक! अन् शिक्षा होते ती नेमकी ज्याने मास्टरिंगमध्ये (अल्बमवरच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारात) श्वास घ्यायला जागा ठेवली त्याला.

उपाय सोपा आहे: प्रीॲम्प शून्यावर आणायचा आणि लागेल तेवढा आवाज ॲम्पच्या नॉबने वाढवायचा. नॉब सगळ्यांना सारखाच वाढवतो. फूबार२००० हा प्लेअर मला अजूनही या कामासाठी सगळ्यात आवडतो, कारण पीक आणि गेन दोन्ही आकडे समोर दिसतात आणि हे असलं काही शोधता येतं. मोठ्या संग्रहासाठी कमांड लाइनवरचं आरएसगेन झकास आहे. स्ट्रीमिंगवर तुलना करणाऱ्यांनीही लक्ष ठेवा. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ आहे, आणि शांत संगीत तिथवर चढवताना तेही पीक बघूनच थांबतं. यादी करायची असेल तर तिथल्या आवाज-पातळीच्या सेटिंगमध्ये 'क्वाएट' निवडा, उणे १९ला बहुतेकांना पुरेशी जागा मिळते.

आता गोडाचा भाग. प्रीॲम्प काढून 'ब्राइट फ्युचर'चं पहिलंच गाणं, 'रिअल हाऊस', लावलं. पियानोच्या सुरांमधली खोलीची हवा ऐकू आली. लेंकर एक ओळ संपवते, पुढची सुरू करण्याआधी थांबते, आणि त्या थांबण्यात काहीतरी हलतं, लाकूड असेल, पेडल असेल. इतक्यांदा ऐकूनही ते माझ्या कानांवर कधी पडलं नव्हतं. अल्बम आठव्यावरून थेट तिसऱ्यावर आला. जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच'ही वर सरकला. जेमतेम अर्ध्या तासाच्या आतला अल्बम, नऊ गाणी, एकही फालतू नाही. 'ब्रॅट' पाचव्यावर गेला, पण तिथे घट्ट बसला. त्याची ताकद आवाजात नाही, गाण्यांच्या बांधणीत आहे, हे आवाज उतरवल्यावर जास्तच ठळक झालं.

'द क्युअर'च्या 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'चं मात्र मन दुखावणारं आहे. १६ वर्षांनी आलेला अल्बम, 'अलोन'मध्ये गळा उघडायच्या आधी तीन मिनिटांहून जास्त निव्वळ वाद्यं, आणि त्यांची ती भव्य चाल. रचना माझ्या मते वर्षातल्या सर्वोत्तमांपैकी आहे. पण समान पातळीवर ड्रम आणि सिंथ एकमेकांत दाटीवाटीने बसल्यासारखे वाटतात. सातवा क्रमांक दिलाय आणि तो मला सलतोय.

हे लिहितालिहिता एक नवीन कल्पना सुचली. मीटरऐवजी गळा प्रमाण धरला तर? गाणारी व्यक्ती प्रत्येक अल्बममध्ये तेवढ्याच अंतरावर उभी आहे असं वाटेपर्यंत नॉब फिरवायचा आणि मग ऐकायचं. आत्ताच 'नाइट रेन'मधल्या 'ना गुल'वर करून पाहिलं. शब्द हैदराबादच्या १८व्या शतकातल्या शायरा महालका बाई चंदा यांचे. अरूजचा गळा नेहमीच्या अंतरावर आणला तर बाकीची वाद्यं मीटरच्या हिशेबापेक्षा बरीच मागे राहिली, आणि तेच बरोबर वाटलं. गिबन्सचंही तसंच. तिच्या अल्बममधला ली हॅरिसचा तालवाद्यांचा तो खटपटी संच, ज्यात पडदे भरलेला खोका किकचं काम करतो, गळ्याच्या मागे गेल्यावर अधिक गूढ होतो. त्यामुळे दोन-दोन अल्बम जोडीने ऐकून करायच्या ठरवलेल्या तुलना तूर्त थांबवते आहे. यादीतले पहिले आठ अल्बम आता सलग, गळा प्रमाण धरून ऐकणार. 'एंडलेसनेस'सारख्या वाद्यसंगीताला हे लागू नाही, तिथे मीटरच.

अडचण येणार ती सिंडी लीच्या 'डायमंड ज्युबिली'ची. ३२ गाणी, दोन तासांहून जास्त, आणि आला तेव्हा स्ट्रीमिंगवर नव्हताच: यूट्यूबवर सलग व्हिडिओ, नाहीतर साध्याशा वेबपानावरून डाउनलोड. सिंडी ली या नावाने गाणाऱ्या पॅट्रिक फ्लेगेलने आपला गळा मुद्दाम मिक्समध्ये पुरून ठेवलाय. त्याला नेहमीच्या अंतरावर आणायला जावं तर गिटार अंगावर येतात. इथे गळा प्रमाण धरणं म्हणजे अल्बमच्या मर्जीविरुद्ध जाणं. म्हणून याला अल्बम गेनच ठेवते आणि क्रमांक अजून देत नाही. नोव्हेंबरच्या २२ तारखेला न सांगता आलेला केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स'ही अजून पुरेसा मुरलेला नाही, तोही थांबेल.

'डायमंड ज्युबिली' एका बैठकीत ऐकणारे कुणी आहेत का इथे? आणि तोडत असाल तर कुठल्या गाण्यापाशी तोडता? मी पुढच्या फेरीत तिथूनच सुरुवात करणार आहे.