वॉर्डात लागणारी चिनी

वूहानमध्ये एमबीबीएस करताना वर्गात आम्हाला इंग्रजी पुरते. वॉर्डात पुरत नाही. पूर्वी बरेच जण पदवी घेऊन इंटर्नशिपसाठी भारतात परतायचे. आपल्याकडच्या २०२१च्या नियमांनुसार मात्र ५४ महिन्यांच्या शिक्षणाखेरीज १२ महिन्यांची इंटर्नशिपही त्याच परदेशी कॉलेजात करावी लागते. म्हणजे वर्षभर चिनी पेशंट, चिनी केसपेपर.

आम्हाला नेमकी कोणती चिनी लागणार, हे बराच काळ कुणी विचारलंच नव्हतं. इंग्रजी माध्यमातून पदवी घेणाऱ्यालाही इथे चौथ्या पातळीची चिनी यावी लागते, म्हणून सगळा भर एचएसके-४ या चिनी भाषेच्या परीक्षेवर. तिचे शब्द उपयोगाचे आहेत, पण बाजारात आणि प्रवासात.

नव्या लाओशी (इथे शिक्षकांना असंच म्हणतात) वही घेऊन आमच्याबरोबर राउंडला आल्या. पेशंट काय सांगतो, नर्स काय विचारते, आम्ही कुठे अडतो, सगळं टिपून घेतलं आणि त्यावरून धडे बांधले. पहिलाच धडा दुखण्याचा! पोटात मुरडा, कळ, जळजळ, ठणका हे आपल्याकडे वेगळं असतं, तसं इथल्या आजीही वेगवेगळं सांगतात आणि निदानाला त्याची मोठी मदत होते. अक्षरं गिरवण्याचे तास कमी झाले, कारण नोंदी संगणकावर होतात. रोमन लिपीत उच्चार टाइप करायचा आणि पडद्यावरचं योग्य अक्षर निवडायचं. त्यामुळे ओळखता येणं महत्त्वाचं. यकृत, फुप्फुस, आतडं, मेंदू या सगळ्यांच्या अक्षरांत डावीकडे एकच खूण असते. डॉक्टरी शिकणाऱ्याला हे पहिल्याच सत्रात सांगायला हवं, इतकं त्यानं पुढचं सोपं होतं.

ऐकणं सर्वांत कठीण. वूहानच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळतात आणि वयस्कर पेशंट बोलीतच बोलतात. आता वर्गात इथल्याच आजी-आजोबांची रेकॉर्डिंग ऐकवतात.

काही मित्रांना आधी परीक्षेची तयारी हवी आहे. त्यांचंही रास्त आहे. त्यासाठी वेगळे तास ठेवावेत. पण वैद्यकीय चिनी दुसऱ्या वर्षापासूनच हवी, इंटर्नशिपच्या तोंडावर नको, असं मला ठामपणे वाटतं. घरातलं कुणी इकडे मेडिकलला येणार असेल, तर फी आणि हॉस्टेलबरोबर कॉलेजला हेही विचारा: वैद्यकीय चिनी कोणत्या वर्षी सुरू होते, आणि ती शिकवणारे वॉर्डात येतात का?